त्यांचा राग तुझ्यावर नाही, मनू

मनू, दुकानातल्या त्या काकांना उत्तर द्यायची घाई करू नकोस. आपलं क्लाऊडचं कार्ड टेबलावर ठेवावं आणि समोरच्यानं 'हे काही खरं मॅजिक नाही' म्हणावं, म्हणजे जिभेच्या टोकावर काय काय येतं ते मला कळतं. कॅरममध्ये स्ट्रायकर रेषेला लागला की नाही यावरून आत्याशी अबोला धरणारी तू! पण इथे अबोला नको, आणि भांडण तर नकोच नको. ते नेमके कशावर चिडलेत ते आधी समजून घे. माझ्या मते त्यांचा निम्मा राग अगदी रास्त आहे. फक्त तो चुकीच्या पत्त्यावर येऊन पडलाय.

तू या पत्त्यांच्या खेळात आलीस ती २०२५ च्या जूनमध्ये, फायनल फँटसी या व्हिडिओ गेमवरच्या सेटचं बोट धरून. तुझ्या दुकानात शुक्रवारी येणाऱ्यांतले काही जण तू जन्मायच्या आधीपासून हे पत्ते पिसताहेत. मॅजिक १९९३ चं. रिचर्ड गारफिल्ड या गणितातल्या डॉक्टरेटवाल्या माणसानं ते रचलं, सिएटलजवळच्या विझार्ड्स ऑफ द कोस्टनं छापलं आणि १९९९ मध्ये ती कंपनी हॅसब्रोनं विकत घेतली. बाहेरच्या गोष्टी मॅजिकमध्ये कधी घुसल्या, असं या मंडळींना विचारलंस तर बहुतेक जण २०२० म्हणतील. खरं तर त्या पहिल्याच वर्षी आल्या.

डिसेंबर १९९३ मध्ये निघालेला 'अरेबियन नाइट्स' हा मॅजिकचा पहिला पुरवणी सेट. त्यात अल्लाउद्दीन होता, सिंदबाद होता, शहरजाद होती. गंमत अशी की या पत्त्यांची पाठ वेगळी छापायची असं आधी ठरलं होतं, म्हणजे मूळच्या पत्त्यांपासून ते निराळे राहिले असते. त्यावर खेळणाऱ्यांनीच कुरकुर केली, पाठ सारखीच हवी म्हणाले, आणि ऐन वेळी बेत फिरला. त्या धांदलीत काढून टाकायचं 'माउंटन'चं एक कार्ड सेटमध्ये तसंच राहून गेलं. आज संग्राहक त्याच्यावर जीव टाकतात. त्याच सेटमध्ये 'सिटी इन अ बॉटल' नावाचं कार्ड आहे. ते टेबलावर आहे तोवर अरेबियन नाइट्सचं दुसरं कुठलंही कार्ड तिथे टिकू शकत नाही. नको असलेला सेट हाकलायची सोय खुद्द त्याच सेटमध्ये!

आजच्या भांडणाचं मूळ मला तिथेच दिसतं. मिसळायचं की वेगळं ठेवायचं, आणि ते ठरवायचं कुणी? मात्र तेव्हाच्या आणि आताच्या परिस्थितीत एक मोठा फरक आहे. अल्लाउद्दीनला मालक नव्हता, स्पायडरमॅनला आहे. मालक आला की करार आला, मुदत आली, परवानग्या आल्या. तेच कार्ड पुन्हा छापायचं तर पुन्हा कुणाचं तरी दार ठोठावावं लागतं.

आता जुन्या लोकांना इतकं काय लागतं ते सांगते, कारण मी अर्धी त्यांच्यातलीच आहे. मी खेळायला लागले तो २०११ चा इनिस्ट्राद सेट होता. लांडगे, भुतं, धुक्यातली गावं, आणि त्या गावांना राखणारी आव्हासिन नावाची देवदूत. यातलं काहीच मला आधी माहीत नव्हतं. सिनेमा पाहिलेला नव्हता, पुस्तक वाचलेलं नव्हतं. एकेका कार्डाच्या तळाशी तिरप्या अक्षरांत दोन ओळी असतात, त्या वाचत वाचत मी त्या जगात शिरले. मग २०१६ मध्ये कलादेश आला. भारतीय छापाचं जग, मनू! पितळी नक्षीची यंत्रं, शोधकर्त्यांचा मेळा, साहीली राय, रश्मी, ओविया पशिरी. आपली लाल केसांची चंद्रा नलार मूळची तिथलीच. इकडे न्यू जर्सीतल्या दुकानात गोरी मुलं त्या नावांचे उच्चार मला विचारून विचारून करत होती आणि मी उगाचच भाव खात होते. असं जग कुणाच्या मालकीच्या गोष्टीतून येत नाही. कुणाला तरी बसून ते रचावं लागतं, चित्रकारांना नव्यानं कल्पावं लागतं, आणि वर्षाच्या वेळापत्रकात त्याला जागा मिळावी लागते.

सगळं अडतं ते या जागेपाशी. पण त्याआधी २०२० मध्ये काय झालं ते ऐक, नाहीतर काकांचा सूर इतका कडवट का ते कळायचं नाही.

त्या वर्षीच्या वसंतात इकोरिया सेटात गॉडझिला आला, पण तो नुसता पोशाख होता. मॅजिकचंच कार्ड, वर गॉडझिलाचं चित्र आणि नाव. ज्याला नको त्यानं साधं कार्ड वापरावं. फारसं कुणी रागावलं नाही. ऑक्टोबरात मात्र 'द वॉकिंग डेड'मधले रिक, मिशोन, डॅरिल, ग्लेन आणि निगन आले, तेही सीक्रेट लेअरच्या वाटेनं. म्हणजे दुकानात नाही, पाकिटात नाही, थेट कंपनीकडून आणि ठरावीक दिवसांपुरतेच. शिवाय या पाच पत्त्यांचे नियम दुसऱ्या कुठल्याच कार्डावर नव्हते. तेव्हा घेतलं नाहीस तर मागाहून चढ्या भावानं शोधत बस. त्यातून ती कार्डं चौघांनी खेळायच्या कमांडरमध्येच नव्हे, लेगसीसारख्या जुन्या स्पर्धा-प्रकारातही चालणार होती. एखाद्याला झॉम्बींची मालिका आवडो न आवडो, जिंकायचं तर रिक लागू शकतो, अशी गत.

एवढा गदारोळ झाला की कंपनीला तोडगा काढावा लागला. तीच कार्डं पुढे मॅजिकच्या आपल्या पात्रांच्या नावानं छापली गेली. रिक झाला ग्रेमंड, निगन झाला मलिक. नियम अक्षरशः तेच. या तोडग्यावर जे खूश झाले आणि जे झाले नाहीत, त्यांच्यावरून मला टेबलावरची माणसं ओळखता यायला लागली. काहींना कार्ड म्हणजे त्याचे नियम. वर रिक असो की ग्रेमंड, त्यांची तक्रार फक्त भावाची आणि मिळण्या न मिळण्याची. काहींना कार्ड म्हणजे त्याचं जग. त्यांच्या देवदूतासमोर बेसबॉलची बॅट घेतलेला निगन उभा राहिला की त्यांचा खेळच विरतो. तुझे काका यातल्या कुठल्या जातीचे ते तू अजून विचारलेलं नाहीस. विचारून बघ. 'क्लाऊडचं काय खटकतं हो तुम्हाला?' एवढंच. आवाजात धार आणू नकोस.

फेब्रुवारी २०२१ मध्ये या सगळ्याला 'युनिव्हर्सेस बियाँड' असं रीतसर नाव मिळालं. वॉरहॅमर आलं, डॉक्टर हू आला, फॉलआउट आलं. बरीचशी तयार कमांडर डेकच्या रूपात, म्हणजे ज्याला हवं त्यानं घ्यावं असं. मधल्या काळात वातावरण निवळलंही होतं, आणि त्याचं मोठं श्रेय २०२३ च्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'ला जातं. टॉल्किनचं जग मॅजिकला परकं वाटेलच कसं? एल्फ, ऑर्क, जादूगार सगळे एकाच रक्ताचे. त्यातलं 'द वन रिंग' हे कार्ड रचणाऱ्यांना दाद द्यावी असं आहे. ते पत्ते देतं, दर फेरीला जास्त जास्त देतं, आणि तेवढंच तुझं आयुष्य कुरतडत जातं. कादंबरीतल्या अंगठीनं फ्रोडोचं हेच तर केलं. याच कार्डाची जगात एकच अशी एक खास प्रत पाकिटात लपवली होती. ती तुझ्या टोरंटोकडच्याच एकाला सापडली आणि गायक पोस्ट मलोननं ती सुमारे २० लाख अमेरिकी डॉलर देऊन घेतली.

पण त्याच अंगठीची दुसरी बाजूही बघ. मॉडर्न या स्पर्धा-प्रकारात ती इतकी जबरदस्त ठरली की स्पर्धेत उतरणाऱ्या पुष्कळ जणांना तिच्या चार-चार प्रती विकत घ्याव्या लागल्या. टॉल्किन आवडतो का, असं कुणी विचारलं नाही. शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये तिच्यावर बंदी आली. तुझ्या फायनल फँटसीतल्या विवीचं तेच झालं. २०२५ च्या उन्हाळ्यात स्टँडर्डमध्ये जिथे बघावं तिथे त्याची टोकदार टोपी, आणि नोव्हेंबरात बंदी.

स्टँडर्डचं नाव निघालंच आहे तर खरी ठिणगी तिथलीच. अलीकडच्या काही वर्षांतले सेट घेऊन खेळायचा हा प्रकार. बाहेरची जगं आधी त्याच्या बाहेर ठेवलेली होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये कंपनीनं जाहीर केलं की २०२५ पासून युनिव्हर्सेस बियाँडचे मोठे सेट स्टँडर्डमध्येही चालणार, आणि वर्षाच्या सहा सेटांपैकी तीन बाहेरचे असणार: फायनल फँटसी, स्पायडरमॅन, अवतार. २०२६ साठी तर सात सेट जाहीर झाले आणि त्यांतले चार बाहेरचे: निन्जा टर्टल्स, मार्व्हलचे सुपरहिरो, हॉबिट, स्टार ट्रेक.

तुला आठवतं, बाहुबलीच्या रूपातला गणपती बघून आपली आजी कशी फणकारली होती? बाप्पाला कुणाचं सोंग कशाला, म्हणाली, आणि पुढच्या मंडळाकडे चालू लागली. मंडळाच्या मांडवात बाहुबली असला म्हणून तिचं काही बिघडलं नाही, कारण तिला पुढे जाता येत होतं. घरच्या मखरात एक वर्षाआड बाहुबलीच बसवायचा असं तिला कुणी सांगितलं असतं तर? स्टँडर्ड हे या लोकांचं घरचं मखर आहे गं. राग स्पायडरमॅनपेक्षा पुढे जायची वाट बंद झाल्याचा आहे.

आणि वाट बंद करणाऱ्यांना दोष द्यावा तर त्यांच्याकडे आकडे आहेत. फायनल फँटसीनं एका दिवसात २० कोटी डॉलरची विक्री केली, हे हॅसब्रोच्या प्रमुखांनीच सांगितलं. लॉर्ड ऑफ द रिंग्जला तेवढ्यासाठी सहा महिने लागले होते. मॅजिकचे मुख्य रचनाकार मार्क रोझवॉटर गेली कित्येक वर्षं शांतपणे सांगताहेत की हे सेट लोकांना आवडतात, नवे लोक यांच्यामुळे येतात. खोटं नाही ते. तू आलीसच की! पण खूप विकलं गेलं म्हणजे तक्रार करणारा मूर्ख, असं होत नाही. तुझ्या दुकानात कुणी असा विक्रीचा आकडा तोंडावर फेकून वाद मिटवायला लागला, तर तू त्यात सामील होऊ नकोस. कंपनीची वकिली फुकटात कशाला करायची? तिच्याकडे पगारी माणसं आहेत.

माझं स्वतःचं मत विचारशील तर प्रत्येक सेटाचा निवाडा वेगळा. तुझा क्लाऊड मला आवडतो. शस्त्र हातात आलं की तो खुलतो, आणि हल्ला करताना त्याची ताकद सात किंवा जास्त असली की खजिन्याची दोन टोकन मिळतात. सातच का, हे सातवा भाग खेळलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. कार्ड रचणाऱ्यानं तो खेळ जीव लावून खेळलेला आहे. स्पायडरमॅनचा सेट मात्र मला पातळ वाटला. मुळात तो छोटा सेट म्हणून आखला होता, नंतर ताणून मोठा केला, आणि ते जाणवतं. एकाच माणसाची इतकी रूपं, न्यूयॉर्कचे तेच रस्ते, वर 'हॉट डॉग कार्ट' नावाचं कार्ड. ते गाडं मला रोज नाक्यावर दिसतं, त्यासाठी ड्रॅगनच्या खेळात कशाला येऊ? कहर म्हणजे स्पायडरमॅनचे डिजिटल हक्क नसल्यामुळे अरेना या संगणकावरच्या मॅजिकमध्ये हाच सेट 'थ्रू द ओमेनपाथ्स' म्हणून आला, वेगळ्या नावांनी आणि वेगळ्या चित्रांनी. टेबलावर एक नाव, पडद्यावर दुसरं. नियमवाल्यांनी खांदे उडवले, जगवाल्यांनी कपाळाला हात लावला.

बरं, आता तुझ्यापुरतं बोलू.

शुक्रवारी कमांडरला चौघं बसता ना, तेव्हा खेळ सुरू व्हायच्या आधी दोन मिनिटं बोलायची रीत आहेच. डेक किती तगडा आहे, काय टाळायचं, वगैरे. तेव्हा सरळ सांग, 'माझा फायनल फँटसीचा तयार डेक आहे, थोडा बदललाय.' माफीचा सूर लावू नकोस, चेकाळूही नकोस. कुणी म्हणालं, मला आज फक्त मॅजिकच्या जगातलेच डेक हवेत, तर ते टेबल त्याचं आणि दुसरं तुझं. हे अपमानाचं नाही. माझ्याकडे अशा संध्याकाळींसाठी एक जुना इनिस्ट्रादचा डेक वेगळा ठेवलेला असतो. तूही हळूहळू एक जमव. महाग लागत नाही, जुन्या सेटांची साधी कार्डं दुकानातल्या डब्यात चिल्लर भावानं पडलेली असतात. त्या काकांनाच सांग निवडून द्यायला. जगवाल्या माणसाला आपलं जग दाखवायला सांगितलं की तो तासभर उठत नाही, हा माझा अनुभव आहे.

पण एक नीट बघ हं. तक्रार कार्डाबद्दल आहे की तुझ्याबद्दल? 'स्टँडर्डमध्ये हे नको होतं' ही कार्डाबद्दलची तक्रार, त्यावर गप्पा होऊ शकतात. 'तुम्ही टिकटॉकवरून आलेल्या मुली, चार महिन्यांत जाल' ही तुझ्याबद्दलची तक्रार, आणि तिचा क्लाऊडशी काहीएक संबंध नाही. असला माणूस २०११ मध्येही होता, तेव्हा त्याला इनिस्ट्रादची मीच खटकत होते. त्याच्यापुढे युक्तिवाद वाया घालवू नकोस. पत्ते गोळा कर, उठ, दुकानाच्या मालकाला सांग. मालकानं कानाडोळा केला तर दुकान बदल. टोरंटोत दुकानांचा तोटा नाही.

आणि पैशांचं. रागावू नकोस, पण तू त्या दिवशी बोलता बोलता अवतारचं खोकं, टर्टल्सची आगाऊ नोंदणी आणि सीक्रेट लेअर एका दमात म्हणालीस, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. तू शिकतेयस, भाडं भरतेयस. फायनल फँटसीच्या एका प्ले बूस्टर पाकिटाची छापील किंमत ६.९९ डॉलर होती, त्याच वर्षीच्या मॅजिकच्या स्वतःच्या सेटांची ५.४९. परक्या जगाचं भाडं तुझ्याच खिशातून जातं. शिवाय हे सेट असे बेतलेले असतात की दर काही महिन्यांनी कुणाचं ना कुणाचं बालपण विकायला येतं. तुझं बालपण फायनल फँटसी आहे. स्टार ट्रेकचा एक भाग तरी पाहिलायस का तू? मग त्याचं खोकं फक्त नंतर मिळणार नाही या धास्तीनं घ्यायचं नाही. 'नंतर मिळणार नाही' हे सीक्रेट लेअरच्या धंद्याचं इंजिन आहे, आणि जुन्या लोकांची याबद्दलची चीड मला शंभर टक्के पटते. कार्ड खरंच हवं असेल तर सेट येऊन महिना-दोन महिने जाऊ देत, सुटं घे. बहुतेकांचे भाव तोवर उतरतात. न उतरणाऱ्यांशिवायही शुक्रवार छान जातो.

जानेवारी २०२६ चा 'लॉरविन एक्लिप्स्ड' हा मॅजिकचा स्वतःचा सेट आहे, २००७ च्या लॉरविनच्या जगात परत जाणारा. त्याच्या पाकिटांचा ड्राफ्ट दुकानात लागला की एकदा बस. आधी काही वाचू नकोस, कुणाची ओळख करून घेऊ नकोस. किथकिन कोण, फेरी इतक्या खोडकर का, ते पत्त्यांवरूनच कळू दे. आवडलं तर उत्तम. नाही आवडलं तर तेही काकांना बिनधास्त सांग, तेवढा मान तुझ्या मतालाही आहे.

आणि तुझ्या डेकची यादी पाठवलीस ती बघितली. तीन रंगांचा डेक आणि लँड फक्त तेहतीस? हातात तलवारी धरून बसून राहशील. अडतीस कर. कुठली पाच काढायची ते फोनवर सांगते, फक्त ती चोकोबो पक्ष्यांची दोन कार्डं निव्वळ गोड दिसतात म्हणून ठेवली असशील तर मन घट्ट करून ये.